आश्वासनाला तारीख लावून घ्या

५ नोव्हेंबर २०२४ ला कोल्हापुरात महायुतीची प्रचारसभा झाली आणि तेव्हाचे मुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांनी दहा वचने जाहीर केली. लाडक्या बहिणीला १,५०० ऐवजी २,१०० रुपये, शेतकऱ्यांना कर्जमाफी, सन्मान निधी १२,००० वरून १५,०००, वृद्धांना २,१०० रुपये निवृत्तिवेतन, वीजबिलात ३० टक्के कपात, अशी ती यादी होती. पाच दिवसांनी भाजपच्या संकल्पपत्रातही हेच मुद्दे आले. सोयाबीनला ६,००० रुपये भावाचे बोलही प्रचारात ऐकू आले. २३ नोव्हेंबरला निकाल लागला. तिन्ही पक्षांना मिळून २३० जागा मिळाल्या, आणि बुलढाणा जिल्ह्यातल्या सातपैकी सहा मतदारसंघ महायुतीकडे गेले.

मग १० मार्च २०२५ चा अर्थसंकल्प आला. त्यात २,१०० नव्हते, कर्जमाफीही नव्हती. २८ मार्चला बारामती तालुक्यात तेव्हा अर्थखाते सांभाळणारे उपमुख्यमंत्री अजित पवार यांनी सरळ सांगून टाकले की राज्याची आर्थिक स्थिती पाहता आत्ता कर्जमाफी शक्य नाही, ३१ मार्चच्या आत पीककर्ज भरा. तो दिवस शुक्रवार होता. रविवारी गुढीपाडवा, सोमवारी ३१ तारखेला रमजान ईद. मधला एक शनिवार काय तो कामाचा. ‘सातबारा कोरा होणार’ या भरवशावर ज्यांनी सोसायटीच्या कर्जाचे नवं-जुनं केले नव्हते, त्यांनी एवढ्या मुदतीत पैसा कोठून उभा करायचा होता, हे कोणी सांगितले नाही.

जिल्ह्यात घाटावर असो की घाटाखाली, त्यानंतर एकच वाक्य ऐकू येत होते : फसवलं राव. राग खरा आहे. पण नुसत्या रागाने खात्यावर रुपया येत नाही आणि पुढच्या वेळचा नेताही सावध होत नाही. म्हणून हा लेख. मतदार म्हणून आपल्या हातात नेमके काय आहे, कोणत्या दारावर कोणता कागद घेऊन जायचे, आणि या सगळ्यात आपल्या घराचे नुकसान कसे टाळायचे, एवढेच यात आहे.

आधी ठरवा, नेमके काय झाले

‘शब्द फिरवला’ या एका वाक्यात तीन वेगळ्या गोष्टी दडलेल्या असतात. कधी शब्द उघडपणे नाकारला जातो. कधी तो लांबवला जातो. आणि कधी दिला जातो, पण कातरून. तिन्हींवरचे उपाय वेगळे आहेत, म्हणून आपले प्रकरण कुठल्या खणात बसते ते आधी पाहा.

उघड नकाराचे महाराष्ट्रातले ठळक उदाहरण २००४ चे आहे. निवडणुकीच्या तोंडावर काँग्रेस आघाडीच्या सरकारने शेतीपंपांना मोफत वीज दिली, जाहीरनाम्यातही ती आली, सत्ता पुन्हा मिळाली आणि वर्षभरात योजना बंद झाली. मुख्यमंत्री विलासराव देशमुख यांनी ते आश्वासन म्हणजे छपाईची चूक असल्याचे म्हटल्याची चर्चा तेव्हा फार गाजली होती. त्याआधी १९९५ मध्ये युतीने एन्रॉन अरबी समुद्रात बुडवण्याची भाषा केली, सत्तेवर येऊन करार रद्दही केला आणि काही महिन्यांत नव्या अटींवर तोच प्रकल्प परत आणला. तेव्हा कोणत्याही एका पक्षाच्या नावाने बोटे मोडून भागणार नाही.

लांबवण्याचा प्रकार बुलढाण्याला शिकवायची गरज नाही. खामगाव-जालना रेल्वेमार्गाची मागणी इंग्रजांच्या काळापासूनची. सर्वेक्षणे होतात, निवडणुका येतात, रूळ तेवढे येत नाहीत. नांदुरा तालुक्यातल्या जिगाव प्रकल्पाचे काम नव्वदच्या दशकापासून चालू आहे. काही शे कोटींचा खर्च काही हजार कोटींवर गेला. यात ‘नाही’ कोणीच म्हणत नाही, आणि म्हणूनच ‘हो’ कधी म्हटले होते हे लोक विसरतात.

कातरून देण्याची कला मात्र सर्वांत बारीक असते. भाषणात ‘सरसकट’ हा शब्द असतो, शासन निर्णयात ‘निकष’ असतात. २००८ ची केंद्राची कर्जमाफी आठवून पाहा. पूर्ण माफीला दोन हेक्टरची मर्यादा होती. सात-आठ एकर कोरडवाहू वावर असलेला आपल्याकडचा माणूस त्या हिशेबात मोठा शेतकरी ठरला आणि बाहेर राहिला. २०१७ च्या योजनेत दीड लाखाची मर्यादा आली, ऑनलाइन अर्ज आले आणि ३४,००० कोटींची घोषणा झाली तरी वाटप त्याहून बरेच कमी झाले. २०१९ मध्ये पुन्हा ‘सातबारा कोरा’ची घोषणा होती. योजनेत मुद्दल आणि व्याज मिळून दोन लाखांपर्यंतचीच खाती बसली. वर थोडीशी रक्कम गेली तरी खाते बाद.

यापुढे कोणीही कर्जमाफी जाहीर केली की टाळ्या वाजवण्याआधी एवढे विचारा : कोणत्या तारखेला थकीत असलेले कर्ज? मर्यादा किती, आणि ती ओलांडलेल्याचे काय? मोजणी खात्यावर की कुटुंबावर? फक्त पीककर्ज, की ठिबकचे आणि ट्रॅक्टरचेही? नियमित भरणाऱ्याच्या हाती काय?

कोर्टात जाता येईल का?

हा प्रश्न पहिला येतो. उत्तर थोडक्यात : जाहीरनाम्यावरून नाही. सुब्रमण्यम बालाजी विरुद्ध तमिळनाडू राज्य या खटल्यात ५ जुलै २०१३ ला सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की जाहीरनाम्यातले आश्वासन लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२३ खाली भ्रष्ट आचरण ठरत नाही. त्याच निकालाच्या आदेशावरून निवडणूक आयोगाने आचारसंहितेत जाहीरनाम्याचा भाग घातला. त्यात आश्वासनामागचा तर्क सांगा, पैसा कोठून येणार ते ढोबळमानाने तरी दाखवा आणि पाळता येतील तीच वचने द्या, असे म्हटले आहे. न पाळल्यास शिक्षा मात्र नाही. दिल्लीत अरविंद केजरीवाल यांनी टाळेबंदीच्या सुरुवातीला पत्रकार परिषदेत गरीब भाडेकरूंचे भाडे सरकार भरेल असे सांगितले होते. मुख्यमंत्रिपदावरून दिलेला तो शब्द पाळण्याजोगा आहे, असे उच्च न्यायालयाच्या एका न्यायमूर्तींनी जुलै २०२१ मध्ये ठरवले. सप्टेंबरमध्ये खंडपीठाने त्याला स्थगिती दिली. आमदार-खासदाराला मुदतीआधी परत बोलावण्याची तरतूद आपल्याकडे नाही. थेट निवडून आलेल्या सरपंचाविरुद्ध ठराव आणून तो ग्रामसभेपुढे नेता येतो, पण तो वेगळा विषय.

तेव्हा वकिलाच्या फीचे पैसे वाचवा.

शब्द कोणत्या पायरीवर अडला?

सभेतला शब्द लोकांच्या खात्यापर्यंत जायला पायऱ्या चढतो : मंत्रिमंडळाचा निर्णय, मग शासन निर्णय म्हणजे जीआर, मग अर्थसंकल्पात किंवा पुरवणी मागण्यांत तरतूद, मग निधीचे वितरण, मग पात्र-अपात्रतेची यादी, शेवटी बँक. आपली अडचण बहुधा यांपैकी एकाच पायरीवर असते आणि आपण ओरडत असतो भलत्याच पायरीवर. जीआरच निघालेला नसेल तर तहसीलदाराच्या टेबलावर हात आपटून उपयोग नाही. आणि यादीत नाव असून आधार बँकेशी जोडलेले नसेल तर मुख्यमंत्र्यांच्या नावाने शिव्या देऊन उपयोग नाही.

जीआर शोधणे अवघड नाही. शासनाच्या शासन निर्णयांच्या संकेतस्थळावर विभाग आणि तारीख टाकली की सापडतो. वाचताना शेवटची पाने आधी वाचा, तिथे अपात्रतेची कारणे आणि लेखाशीर्ष असते. लेखाशीर्ष नसेल, पैसा ‘स्वतंत्रपणे उपलब्ध करून देण्यात येईल’ असे असेल, तर सावध व्हा.

तरतूद वाचायला अर्थशास्त्राची पदवी लागत नाही. लाडकी बहीण योजनेला २०२५-२६ साठी ३६,००० कोटी रुपये ठेवले होते. दोन कोटी महिलांना महिन्याला दीड हजार दिले तर वर्षाला बरोबर ३६,००० कोटी होतात. लाभ घेणाऱ्या महिला तेव्हाच दोन कोटींच्या बऱ्याच वर होत्या. म्हणजे रक्कम वाढणार नाही, आणि पुरवणी मागणी आली नाही तर याद्या छाटाव्या लागतील, हे १० मार्चच्या दुपारीच त्या आकड्यात लिहिलेले होते. पुढे ई-केवायसी आली, पडताळणी आली, आणि नमो सन्मान व पीएम किसान मिळून महिन्याला हजार रुपये घेणाऱ्या शेतकरी महिलेला वरचे पाचशेच, हेही आले. मंत्री आदिती तटकरे यांनी सभागृहात मांडलेला मुद्दा असा होता की २,१०० याच अर्थसंकल्पात देऊ असे म्हटलेच नव्हते, जाहीरनामा पाच वर्षांचा असतो. तांत्रिकदृष्ट्या हे खरे आहे. आपण मतदारांनी नोव्हेंबरात रक्कम ऐकली, महिना विचारला नाही.

इथेच सगळी गोम आहे. बिनतारखेचे आश्वासन मोडता येत नाही, कारण ते कधी पुरे व्हायचे हेच ठरलेले नसते. मतदाराने करायचे पहिले काम म्हणजे त्याला तारीख लावून घेणे.

तोवर घर सांभाळा

माझ्या मते या लेखातला हा सर्वांत महत्त्वाचा भाग आहे. कोणत्याही पक्षाच्या शब्दावर आपले कर्जखाते टांगून ठेवू नका.

हिशेब असा. तीन लाखांपर्यंतचे पीककर्ज मुदतीत फेडले तर केंद्राची तीन टक्के सवलत आणि राज्याची डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत मिळून व्याज शून्यावर येते. मुदत चुकली की दोन्ही सवलती गेल्या. लाख रुपयांच्या कर्जावर सात टक्क्यांनी सात हजार पहिल्या वर्षीच बसतात, मुदत उलटल्यावरचा दर त्याहून चढा. खाते थकीत झाले की नवे पीककर्ज नाही, आणि पेरणीला पैसा लागतोच. मग सावकाराचे दार. माफी येईल तेव्हा येईल, ती बँकेच्या कर्जाची असेल. सावकाराचे कर्ज बहुधा तसेच राहील.

यावर पारावरचा युक्तिवाद मला ठाऊक आहे : भरणारा मूर्ख ठरतो, थकवणाऱ्याला माफी मिळते. इतिहास पाहता ही तक्रार खोटी नाही. २०१७ मध्ये नियमित भरणाऱ्याला जास्तीत जास्त २५,००० रुपये प्रोत्साहन होते, २०१९ च्या योजनेत ५०,००० पर्यंत, तेही मागाहून, जुलै २०२२ च्या निर्णयानंतर. तरीही ज्याला भरणे शक्य आहे त्याने भरावे, असेच मी सांगेन. माफीची कट-ऑफ तारीख आधी कोणालाच कळत नाही. थकीत राहून नेमके त्या तारखेच्या आत पडू, हा जुगार आहे.

ज्याला शक्यच नाही त्याची गोष्ट वेगळी. त्याने गप्प बसू नये. खरिपाची अंतिम पैसेवारी डिसेंबरअखेर जाहीर होते. आपल्या गावाची पैसेवारी ५० पैशांच्या आत असेल तर सहकारी कर्जाचे पुनर्गठन, वसुलीला स्थगिती, पंपाच्या वीजबिलात सवलत, मुलांची परीक्षा फी माफ, अशा सवलती लागू होतात. २०२५ च्या अतिवृष्टीनंतर ७ ऑक्टोबरला जाहीर झालेल्या ३१,६२८ कोटींच्या पॅकेजबरोबरही कर्जवसुलीची स्थगिती आणि पुनर्गठन होते. सोसायटीच्या गटसचिवाकडे किंवा बँकेत पुनर्गठनाचा लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. तोंडी ‘साहेबांना सांगितलं’ याला पुरावा नसतो. पॅकेजचा मोठा आकडा ऐकून हुरळू नका. कोरडवाहूला हेक्टरी १८,५०० आणि मर्यादा तीन हेक्टर, हा आपला आकडा. तो आपल्या नुकसानीच्या क्षेत्राशी गुणा आणि खात्यावर तेवढे आले का पाहा.

सावकाराकडे जावेच लागले तर परवानाधारकाकडे जा. २०१४ च्या सावकारी नियमन कायद्याखाली शेतकऱ्याला तारण कर्जावर वर्षाला ९ टक्के आणि बिनतारणी कर्जावर १२ टक्के एवढाच कमाल दर ठरलेला आहे. महिन्याला शेकडा तीन-पाच मागणारा माणूस कायद्याबाहेर आहे. तक्रार तालुक्याच्या सहायक निबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे होते. जमीन लिहून घेतली असेल तर तीही याच कायद्याखाली परत मागता येते.

बहिणींसाठी एक सूचना. हप्ता थांबला की आधी राजकारण नको, आधी कारण. बँकेत आधार जोडणी तपासा, ई-केवायसी पूर्ण आहे का पाहा, मग अंगणवाडी सेविकेकडे किंवा तालुक्याच्या बालविकास प्रकल्प कार्यालयात अपात्रतेचे कारण लेखी मागा. ई-केवायसीसाठी कोणी शंभर-दोनशे मागत असेल तर देऊ नका, सरकारी संकेतस्थळावर ती फुकट आहे.

कागद मागा

माहितीचा अधिकार पक्षांवर चालत नाही. केंद्रीय माहिती आयोगाने ३ जून २०१३ ला सहा राष्ट्रीय पक्षांना सार्वजनिक प्राधिकरण ठरवले होते, पण पक्षांनी ते पाळले नाही. म्हणून अर्ज पक्षाला नको, सरकारी कार्यालयाला करा. जोडपत्र ‘अ’ मध्ये अर्ज, त्यावर दहा रुपयांचे कोर्ट फी स्टॅम्प. दारिद्र्यरेषेखालच्या अर्जदाराला तेही नाही. महाराष्ट्रात अर्ज दीडशे शब्दांत आणि एकाच विषयावर असावा लागतो. उत्तर तीस दिवसांत यायला हवे.

लोक इथे एक गल्लत हमखास करतात. ‘कर्जमाफी का दिली नाही?’ असे विचारतात आणि ‘हा प्रश्न माहितीच्या व्याख्येत बसत नाही’ असे उत्तर घेऊन घरी येतात. ‘का’ विचारू नका, कागद मागा. नमुना असा : ‘अमुक योजनेखाली बुलढाणा जिल्ह्यासाठी सन २०२५-२६ मध्ये मंजूर झालेला व प्रत्यक्ष मिळालेला निधी, मिळाल्याच्या दिनांकासह; तालुकानिहाय आलेले अर्ज, पात्र, अपात्र; अपात्रतेची कारणनिहाय संख्या; संबंधित शासन निर्णयाची प्रत.’ एवढ्याने काम भागते. उत्तर आले नाही तर तीस दिवसांत पहिले अपील, त्याला वीस रुपये. तिथेही दाद नसेल तर नव्वद दिवसांत राज्य माहिती आयोगाच्या अमरावती खंडपीठाकडे दुसरे. तिथे वेळ लागतो. तरी पहिल्या अपिलाच्या नोटिशीनेच पुष्कळदा फाइल हलते.

उत्तर आले की ते घरात ठेवू नका. आपल्या आमदाराला द्या, आणि विरोधी आमदारालाही. विधिमंडळात तारांकित प्रश्न, लक्षवेधी, कपात सूचना यांतून मंत्र्याला बोलते करता येते. सभागृहात मंत्र्याने ‘तीन महिन्यांत करू’ म्हटले की त्या शब्दाची जात बदलते. तो शासनाचे आश्वासन म्हणून नोंदला जातो आणि विधिमंडळाची आश्वासन समिती त्याचा पाठपुरावा करते. जाहीरनाम्यातल्या वाक्याच्या मागे लागायला अशी कोणतीही समिती नाही. म्हणून सभेतला शब्द एकदा तरी सभागृहात वदवून घेणे, हा खरा डाव. सत्ताधारी आमदार आपल्याच सरकारला अडचणीचा प्रश्न विचारायला कचरतो, हे गृहीत धरा. जिल्ह्यात २०२४ ला मेहकरमधून सिद्धार्थ खरात हे एकटेच विरोधी बाजूचे निवडून आले. अमरावती पदवीधर मतदारसंघाचे धीरज लिंगाडे हेही विरोधी बाकावरचे आणि आपल्याच जिल्ह्याचे. प्रश्न विचारायला तो आमदार आपल्याच मतदारसंघाचा असावा लागत नाही.

आणि हो, गावातल्या कार्यकर्त्याला टोमणे मारणे थांबवा. बूथवर उभे राहून ‘एकवीसशे मिळणारच’ म्हणून शपथा घेणारा पोरगा आता तोंड चुकवत फिरतो. त्याला वरून कोणी विचारून शब्द फिरवलेला नाही. पण आमदाराचा फोन त्याच्याकडे आहे. त्याच्या हाती लेखी निवेदन द्या, दहा सह्यांनिशी. तो ते पोचवील, कारण पुढच्या खेपेला त्यालाच तुमच्या दारात यायचे आहे.

रस्त्यावर उतरण्याआधी

२८ ऑक्टोबर २०२५ ला बच्चू कडू, राजू शेट्टी, अजित नवले, आपल्या जिल्ह्याचे रविकांत तुपकर असे नेते नागपूरच्या वर्धा रोडवर हजारो शेतकऱ्यांसह बसले. ट्रॅक्टर उभे राहिले, महामार्ग बंद पडला. दुसऱ्या दिवशी उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने संध्याकाळपर्यंत रस्ता मोकळा करण्याचा आदेश दिला. ३० ऑक्टोबरला मुंबईत मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांच्याशी बैठक झाली. प्रवीण परदेशी यांच्या अध्यक्षतेखाली समिती, एप्रिलमध्ये अहवाल आणि ३० जून २०२६ पर्यंत कर्जमाफीचा निर्णय, असे तिथे ठरले.

पुष्कळांना ते पटले नाही. ऑक्टोबरात बसलो आणि जूनची तारीख घेऊन आलो, यात काय मिळवले, असा त्यांचा सवाल. मला मात्र ही आंदोलनाची कमाई वाटते. आधी वर्षभर ‘योग्य वेळी’ एवढेच ऐकू येत होते. त्याच महिन्यात सहकारमंत्री बाबासाहेब पाटील यांनी जळगाव जिल्ह्यातल्या कार्यक्रमात, लोकांना कर्जमाफीचा नाद लागला आहे, निवडून यायचे असते म्हणून आम्ही आश्वासने देतो, अशा अर्थाचे बोलून टाकले होते. नंतर त्यांनी दिलगिरी व्यक्त केली. ‘नाद’पासून ‘३० जून’पर्यंतचा प्रवास काही आठवड्यांत झाला, तो रस्त्यावर माणसे बसली म्हणून. तारीख मिळाल्यावर निर्णयाचा कागद कोणत्या दिवसाचा आहे आणि त्यात कोण सुटले, हे ज्याने त्याने आपल्या खात्याशी ताडून पाहायचे असते. ते काम नेता करून देत नाही.

आंदोलन करणार असाल तर मागणीच्या पत्रात तारीख, रक्कम आणि जबाबदार अधिकारी असू द्या. पोलीस ठाण्याला लेखी पूर्वसूचना द्या. जमावबंदीचा आदेश लागू आहे का ते विचारा. सरकारी गाडीची काच फुटली तर गुन्हा पोराच्या नावावर राहतो आणि पुढे नोकरीच्या चारित्र्य पडताळणीत निघतो. नेते सुटतात, पोरे तारखा खातात. जिल्ह्यात हे अनेक घरांना ठाऊक आहे.

पुढच्या वेळचा जाहीरनामा

भेंडवळला अक्षय तृतीयेच्या संध्याकाळी घट मांडतात, दुसऱ्या दिवशी पहाटे भाकीत सांगतात, आणि ते खरे ठरले की नाही यावर पारावर वर्षभर खल चालतो. जाहीरनाम्याच्या वाट्याला एवढीही पडताळणी येत नाही, निकालानंतर तो सापडतच नाही. म्हणून निवडणुकीच्या दिवसांतच प्रत्येक पक्षाच्या जाहीरनाम्याची प्रत ग्रामपंचायतीत किंवा वाचनालयात ठेवा. सभेतल्या भाषणाची चित्रफीत जपून ठेवा, तारीख आणि गाव लिहून. पक्षाने काय म्हटले आणि तुमच्या उमेदवाराने स्वतः काय म्हटले, हे वेगळे लिहा. पक्ष फुटतात, युत्या बदलतात, माणूस तोच राहतो.

ब्रिटनमध्ये २०१० ला निक क्लेग यांच्या लिबरल डेमोक्रॅट पक्षाच्या उमेदवारांनी विद्यार्थी संघटनेच्या प्रतिज्ञापत्रावर सह्या केल्या होत्या : विद्यापीठाची फी वाढवण्याच्या विरोधात मत देऊ. सत्तेत वाटा मिळाला आणि त्याच डिसेंबरात फीची कमाल मर्यादा ९,००० पौंड झाली, क्लेग यांनी स्वतः बाजूने मत दिले. पुढे त्यांनी जाहीर माफी मागितली. २०१० ला ५७ जागा असलेला पक्ष २०१५ ला ८ वर आला. कारणे इतरही होती, पण सही केलेले ते कागद छायाचित्रांसकट पाच वर्षे त्यांच्यासमोर नाचवले गेले.

तसा कागद आपल्या गावालाही करता येतो. मागण्या दोन किंवा तीनच ठेवा. वीस मागण्यांच्या निवेदनाला उमेदवार हसत हार घालतो. शक्यतो त्या आमदाराच्या हातातल्या असाव्यात : अमुक शिवाराचा पाणंद रस्ता, उपकेंद्राला परिचारिका, गावच्या तलावात पाणी सोडण्याचे आवर्तन. कर्जमाफी एकट्या आमदाराच्या हातात नसते. त्यावर त्याच्याकडून एवढेच लिहून घ्या की पहिल्याच अधिवेशनात प्रश्न मांडीन.

आपल्या मताचे वजन काय, असे कोणी म्हणाले तर त्याला बुलढाणा मतदारसंघाचा आकडा सांगा. २०२४ ला तिथे संजय गायकवाड जयश्री शेळके यांच्यावर ८४१ मतांनी निवडून आले. पुढच्या जानेवारीत एका जाहीर कार्यक्रमात आमदारच मतदारांवर चिडले, दोन हजारांत आणि दारू-मटणावर विकले गेलात, असे बोलले. निराशा अशी दोन्ही बाजूंनी असते. त्या आरोपात तथ्य किती, हे ज्याचे त्याने मनाशी तपासावे. मात्र नोट घेतलेल्या माणसाला नंतर शब्दाचा जाब विचारताना तोंड उघडवत नाही, हे खरे.

गावाचा कागद ग्रामसभेत ठराव करून घेतला तर उत्तम. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या दिवसांच्या आसपास ग्रामसभा होतात. विषय विषयपत्रिकेवर यावा म्हणून आधीच ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडे लेखी द्या. ठरावाची प्रत गटविकास अधिकारी, जिल्हाधिकारी आणि आमदार यांच्याकडे पाठवा आणि प्रत्येक ठिकाणचा आवक क्रमांक त्याच प्रतीवर घ्या. उमेदवार गावात आला की कागद पुढे करा. सही केली तर छायाचित्र काढा. ‘बघू’ म्हणाला तर त्याच कागदावर तारीख टाकून ‘बघू म्हणाले’ असे लिहा आणि खाली हजर असलेल्या पाच जणांच्या सह्या घ्या.